पगार वाढवला तरी वृद्धाश्रमातल्या मावशी टिकत नाहीत. नाशिकमध्ये कुणाला हे जमलंय का?

प्रश्न : मखमलाबादकर

नमस्कार. मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांच्या पट्ट्यात असलेल्या एका वृद्धाश्रमाचं रोजचं काम मी बघते. म्हणायला वृद्धाश्रम, पण आता बरेचसे आजी-आजोबा आजारी अवस्थेतच दाखल होतात. सध्या ३४ जण आहेत. त्यातले ११ पूर्ण अंथरुणावर, सात-आठ जणांना डिमेन्शिया (विसरायचा आजार). दिवसपाळीला सहा मावशी आणि दोन मामा (म्हणजे आजी-आजोबांचं सगळं करणाऱ्या बायका आणि पुरुष), रात्री दोन मावशी आणि एक मामा. दिवसा जीएनएम सिस्टर (नर्सिंगचा डिप्लोमा झालेली), रात्री एएनएम (सहायक नर्स). ड्युटी आठ ते आठ.

अडचण अशी की मावशी टिकत नाहीत. गेल्या दिवाळीनंतर आम्ही पगार साडेदहा हजारांवरून बारा हजार केला. दोन वेळचं जेवण आणि चहा आमच्याकडेच असतो. तरी गळती थांबेना. काही जणी पगार हातात पडला की दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. ज्या राहतात त्यांच्यावर डबल ड्युटी येते, मग महिनाभरात त्याही जातात. ब्यूरोतून (बायका पुरवणाऱ्या एजन्सीतून) बदली बाई मागवली तर रोजचा दर चढा, आणि तिला कोणत्या आजींना दात नाहीत आणि कोणत्या आजोबांना डाव्या कुशीवर दम लागतो हे काहीच माहीत नसतं.

मला जीव तोडून हा प्रश्न विचारावासा वाटतो त्याचं कारण सांगते. आमच्याकडे एक आजी आहेत, त्या एकाच मावशीच्या हातून जेवायच्या. ती मावशी जुलैत गावी गेली ती परत आलीच नाही. आजी त्यानंतर तोंडच उघडेनात. नवीन बाई चमचा पुढे करायची आणि आजी मान फिरवून भिंतीकडे बघत राहायच्या. वजन उतरलं, नळी घालावी लागते की काय इथपर्यंत गोष्ट गेली. आता कशाबशा मऊ भात खातात. रजिस्टरमध्ये हे फक्त ‘एक पद रिक्त’ म्हणून दिसतं.

आमच्या ट्रस्टींचं म्हणणं, हल्ली कुणाला काम नको आहे. मला ते पटत नाही. इथून जाणाऱ्या याच बायका पहाटे चारला उठून, भाकऱ्या बांधून पिकअपमध्ये उभ्या राहून बागेत जातात. काम नको असतं तर तिकडेही गेल्या नसत्या. मग आमच्याकडून का जातात? कुणी असं ठिकाण चालवलं असेल किंवा तिथे काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

उत्तर : पंचवटी_रामकुंड

अनुभवावरून सांगतो. पहिल्या महिन्याचा पगार डिपॉझिट म्हणून ठेवून घ्या आणि मूळ आधार कार्ड ऑफिसात जमा करा. एक महिन्याची नोटीस दिली तरच परत करायचं. फोन बंद करणं आपोआप थांबेल.

उत्तर : सिस्टर_नाशिकरोड

आधी वरच्या सल्ल्याबद्दल. ताई, असं काही करू नका. झालेल्या कामाचे पैसे रोखणं बेकायदा आहे, आणि कुणाचं आधार कार्ड अडकवून ठेवणं त्याहून वाईट. जिचं खोलीभाडं आणि किराणा त्या पगारावर आहे ती बाई एक तर दहा तारखेलाच निघून जाईल, नाहीतर अर्धपोटी कामावर येईल. अशा बाईकडून आपण ऐंशी किलोच्या आजोबांना कुशीवर वळवून घेणार का?

मी जीएनएम आहे. आधी हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात होते, नंतर बरीच वर्षं नाशिकमधल्याच एका खासगी शुश्रूषा केंद्रात इन्चार्ज. तिथे सोडून जाणाऱ्या प्रत्येकीची मी रजिस्टरच्या मागच्या पानांवर नोंद ठेवायचे: कधी आली, कधी गेली, कोणत्या पाळीत होती, जाण्याआधीच्या आठवड्यात काय घडलं. ‘घरी अडचण आहे’ असं सगळ्याच सांगून जातात. खरं काय ते त्या शेवटच्या आठवड्यात सापडतं. तुम्हीही आधी हे करा. मागच्या दोन वर्षांचं मस्टर काढा आणि तारखा मांडा.

आता तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून बोलते. पगार बारा हजार म्हणजे फार नाही, पण मला तुमचा खरा प्रश्न रात्रपाळीत दिसतोय.

अकरा जण पूर्ण अंथरुणावर. त्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर माकडहाडापाशी, टाचांवर, खुब्याच्या हाडावर बेडसोअर (पडून राहिल्याने होणारी जखम) धरतो. रात्रीच्या बारा तासांत एका माणसाची सहा वेळा, अकरा जणांची मिळून सहासष्ट वेळा. हे काम नीट करायचं तर दोघींनी मिळून करायचं. वळवणं, पाठीशी उशी लावणं, चादरीच्या चुण्या काढणं, डायपर बघणं, याला पाच मिनिटं धरा. साडेपाच तास झाले. म्हणजे दोघी मावशी साडेपाच तास नुसत्या वाकून. आजोबांच्या वेळी मामा मदतीला येतील, पण त्यांना दारही सांभाळायचंय. शिवाय डिमेन्शियाचे सात-आठ जण, ज्यांची रात्र म्हणजेच दिवस. कुणी गाडी लागली का विचारत दारापर्यंत येतं, कुणी दुसऱ्याच्या पलंगावर जाऊन झोपतं. मधेच कुणाची उलटी, कुणाची बेल. आणि पहाटे चारपासून स्पंजिंग, कारण दिवसपाळी आठला येते तेव्हा सगळे पावडर लावून तयार दिसायला हवेत असा बहुतेक ठिकाणी दंडक असतो.

हे गणित बसत नाही. मग काय होतं? दोन तासांचे चार तास होतात, चार्टवर मात्र दर दोन तासांची सही पडते. पंधरा दिवसांनी कुणाच्या पाठीवर लाल चट्टा दिसला की ‘रात्रीच्या मावशा झोपतात’ असा ठपका. ज्या बाईला त्या आजीची खरंच काळजी असते तिला हे सहन होत नाही. तीच आधी जाते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. जिला फरक पडत नाही ती राहते, आणि आपण म्हणतो चांगली माणसं मिळत नाहीत.

आम्ही रात्री एक जादा मावशी घेतली, आणि पहाटेचं निम्मं स्पंजिंग दिवसपाळीकडे दिलं. दिवसपाळीच्या बायका आधी कुरकुरल्या. पण आजींना पहाटे चारला गार हवेत उघडं करण्यापेक्षा नऊ वाजता कोवळ्या उन्हात अंग पुसलेलं त्यांनाही बरं वाटू लागलं. रात्रीची गळती पहिल्यांदा तिथे कमी झाली.

दुसरं कंबरेचं. मावशींच्या भाषेत ‘कंबर गेली’ म्हणजे नोकरी गेली. तुमचे पलंग किती उंच आहेत? साधे लोखंडी पलंग गुडघ्याच्या जरा वर येतात, त्यावर वाकून काम केलं की चाळिशीतली बाई वर्षभरात गोळ्या खायला लागते. पलंगाच्या चारही पायांखाली खाचेचे लाकडी ठोकळे लावून घ्या. फक्त जे पूर्ण अंथरुणावर आहेत त्यांच्याच पलंगांना. चालत्या-फिरत्यांच्या नाही, ते उतरताना पडतील. आणि माणूस काखेत हात घालून ओढायचा नाही, खाली मधली चादर घालून दोन्ही बाजूंनी सरकवायचा. हे एका दुपारी शिकवता येतं, पण कुणी शिकवत नाही. ‘मावशीला काय शिकवायचं’ असंच वाटत असतं.

तिसरं, खाडे. तुमच्याकडे एका खाड्याला किती पैसे कापतात हे तुम्ही लिहिलं नाहीये. पुष्कळ ठिकाणी न सांगता एक खाडा झाला की दोन दिवस कापतात, आणि महिन्याच्या सुट्ट्याही बिनपगारी असतात. मुलाला ताप आला, बाई एक दिवस आली नाही, दोन दिवसांचा पगार गेला. दुसऱ्या दिवशी यायला ती घाबरते, कारण सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागणार. तिसऱ्या दिवशी ती येतच नाही. तुम्हाला वाटतं पळून गेली. मी कापणं एका दिवसावर आणलं आणि विचारपूस बंद दाराआड, एकटीशी. बस. तेवढ्याने परत येणाऱ्यांची संख्या वाढली.

आणि जुलैचं तुम्ही स्वतःच लिहिलंय! तुमच्या मावशी पेठ, हरसूल, सुरगाण्याकडच्या असणार. जुलैत तिकडे आवणी म्हणजे भातलावणी असते. घरच्या भाताची आवणी सोडून कोणतीही बाई इथे थांबणार नाही, थांबूही नये, वर्षाचा भात आहे तो. जानेवारी ते एप्रिल इकडे द्राक्षांची काढणी, त्याआधी फळछाटणी, विरळणी. हे काही अचानक उद्भवत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना बसवून विचारा: कुणाची आवणी आधी, कुणाची नंतर. पेठकडचे आणि शहरातले असे गट करून सुट्ट्या लावा आणि ‘तुझी जागा तुझीच आहे’ हे तारखेसकट कागदावर द्या. ज्या गावी गेल्यावर परत येत नाहीत, त्यातल्या निम्म्या तरी ‘आता कुठल्या तोंडाने जाऊ’ म्हणून येत नाहीत.

नवीन बाईचा पहिला आठवडा फार नाजूक असतो. तिने मलमूत्र, जखमा, बेडसोअरचा वास यातलं काही पाहिलेलं नसतं. तिला पहिल्याच रात्री एकटीला हॉल देऊ नका. जुन्या मावशीबरोबर जोडी लावा, आणि त्या जुन्या मावशीला शिकवण्याचे थोडे जादा पैसे द्या, नाहीतर तिच्यासाठी नवीन बाई फक्त एक कटकट असते.

एक गोष्ट राहिली. तुमच्याकडे आजी-आजोबा गेल्यावर मावशींना कुणी काही विचारतं का? ज्या बाईने वर्षभर भरवलं, तिनेच शेवटचं अंग पुसायचं, लुगडं बदलायचं आणि दुपारपर्यंत तोच पलंग नव्या माणसासाठी तयार ठेवायचा. नातेवाईक येतात, कागद होतात, गाडी जाते. आम्ही त्या मावशीला उरलेला दिवस सुट्टी द्यायला लागलो, आणि तिची इच्छा असेल तर अमरधामला (स्मशानात) जाऊ द्यायला. एकाच महिन्यात तीन-चार जण गेले की त्यानंतर बायका सोडायच्या, हे माझ्या मागच्या पानांवर स्पष्ट दिसत होतं. त्यांच्या मनाला ते लागतं. पगारवाढीने ते भरून येत नाही.

उत्तर : पेठ_रोडची_लेक

सिस्टर, तुमचं वाचलं आणि दोनदा वाचलं. मी स्वतः हे काम केलंय, म्हणून लिहिते. बारावी नंतर जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केला, मग शहरातल्या एका वृद्धाश्रमात लागले. वय चोवीस, पण पहिल्या दिवसापासून मावशी. त्याचं काही नाही.

काम मला आवडत होतं. माझ्या आजीला मीच सांभाळलंय करंजाळीच्या पुढं आमच्या गावात, मला घाण वाटत नाही. पण तिथं ड्युटी संपली की गेटवर पिशवी उघडून दाखवायची. रोज. वॉचमन भाऊ डबा उघडायचे, कपड्यांची घडी उलटी करायचे, पाळीचे पॅड असले तरी तसंच. बाहेर आजोबांना भेटायला आलेली माणसं उभी. सिस्टर लोकांची पिशवी कुणी उघडत नव्हतं, ऑफिसातल्यांची नाही. फक्त आमची.

एका आजींची पाटली हरवली. आजींना विसरायचा आजार होता, त्या रोज काहीतरी हरवलं म्हणायच्या, कधी पाटली, कधी गाय. त्या दिवशी खरंच पाटली दिसेना. त्यांची सूनबाई आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ती नवी आदिवासी पोरगी कुठंय. मला ऑफिसात बसवून ठेवलं संध्याकाळपर्यंत. नंतर पाटली त्यांच्याच मुलाकडं निघाली, मागच्या भेटीत त्यानंच नेली होती. मला कुणी येऊन सांगितलंसुद्धा नाही, मला दुसऱ्या मावशीकडून कळलं. मी त्या महिन्याचा पगार घेतला आणि परत गेले नाही. फोनही बंद ठेवला. तुम्ही ताई लिहिलंय ना, फोन बंद करतात, तर माझ्यासारख्या असतील त्यात.

अजून दोन गोष्टी. आमच्या कपबश्या वेगळ्या होत्या, खिडकीत पालथ्या ठेवलेल्या. काही आजी आमच्या हातचं पाणी घ्यायच्या नाहीत, त्यांचं वय झालंय, मी सोडून देते. पण ऑफिसनं त्यांचं ऐकून आमची ड्युटी स्वयंपाकघराकडून काढली, हे मला लागलं. अंग आम्हीच पुसायचं आणि पाणी मात्र दुसरीनं द्यायचं.

आणि काही आजोबा हात धरतात, नको तिथं हात लावतात. आजारानं करतात का मुद्दाम ते आम्हाला कळत नाही. सांगितलं तर हसतात, ‘म्हातारं माणूस आहे, मनावर घेऊ नको’. मनावर घ्यायचं नाही तर कुठं घ्यायचं?

आता मी एका घरी एका आजींना सांभाळते, इंदिरानगरला. पैसे थोडेच जास्त आहेत. पण आजींची मुलगी मला नावानं हाक मारते आणि कपाटाची किल्ली माझ्याजवळ असते.

उत्तर : समाजकार्य_नाशिक

थोडी बाहेरची माहिती जोडतो, म्हणजे ट्रस्टींना सांगायला उपयोगी पडेल. हा प्रश्न फक्त पेठ-हरसूलच्या बायकांचा नाही. अमेरिकेत नर्सिंग होमना रोज किती कर्मचारी कामावर होते याची नोंद पगारपत्रकावरून सरकारकडे द्यावी लागते. २०१७-१८ च्या त्या नोंदींचा अभ्यास ‘हेल्थ अफेअर्स’ या नियतकालिकात २०२१ मध्ये आला. त्यात शुश्रूषा कर्मचाऱ्यांच्या वार्षिक गळतीचा मध्यक ९४ टक्के निघाला, म्हणजे निम्म्या ठिकाणी गळती याहूनही जास्त. मागास भागातली काही नव्हे, तिथली सर्वसाधारण नर्सिंग होम. ज्यांना सरकारने दिलेला दर्जा कमी, तिथे गळती जास्त असंही त्यात दिसलं. जानेवारी २०२२ पासून तिथलं सरकार प्रत्येक नर्सिंग होमची गळती आपल्या संकेतस्थळावर दाखवू लागलं, म्हणजे आई-वडिलांना ठेवण्याआधी मुलांना ती बघता येते.

जपानचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. तिथे काळजी-कर्मचाऱ्यांची दरवर्षी पाहणी होते आणि नोकरी सोडण्याच्या कारणांत कामाच्या ठिकाणचे आपापसातले संबंध सतत अगदी वर असतात. वरच्या ताईंनी पिशवीचं जे लिहिलंय ते यातच मोडतं. तिथल्या सरकारने केवळ या कर्मचाऱ्यांचा पगार वाढावा म्हणून २००९ पासून वेगळा निधी द्यायला सुरुवात केली, म्हणजे पगारही महत्त्वाचा आहेच. सिस्टरांच्या मताला छेद देत नाही, पण बारा तासांचे बारा हजार हा आकडा मला कमीच वाटतो. आपल्याकडच्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर. बारा तास गुणिले सहा दिवस म्हणजे ७२ होतात. हे गणितही ट्रस्टींपुढे ठेवा.

उत्तर : इंदिरानगर_मुलगा

माझी आई अशाच एका ठिकाणी आहे. नातेवाईक म्हणून विचारतो. आम्ही तिच्या मावशीला दर भेटीत हळूच दोन-तीनशे रुपये देतो. याने मावशी टिकायला मदत होते की नुकसान?

उत्तर : मखमलाबादकर

सगळ्यांचे मनापासून आभार. पेठ रोडच्या ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून विशेष. पिशव्या आमच्याकडेही तपासतात. मी आल्यापासून तशीच पद्धत आहे. उद्यापासून बंद करायला सांगितलंय, आणि कपबश्यांचंही आज स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बघितलं.

सिस्टर, तुमच्या सांगण्यावरून मस्टर काढलं. सोडून गेलेल्यांतल्या बहुतेक जणी रात्रपाळीच्या आहेत, आणि तारखांचे दोन ढीग पडतात: जुलै आणि जानेवारीअखेर. खाड्याला आम्ही दोन दिवस कापतो. ट्रस्टींसमोर हे मांडलं. एक दिवसाचं त्यांनी लगेच मान्य केलं. रात्री तिसरी मावशी घ्यायला मात्र ‘महिना बारा हजार कुठून आणायचे’ म्हणून थांबले. यावर काय सांगू? आणि कर्मचारी विम्याचं कुणी तरी समजावून सांगा, आमच्याकडे अजून नोंदणी नाही.

उत्तर : सिस्टर_नाशिकरोड

पैशांचं असं मांडा. गेल्या वर्षभरात ब्यूरोला किती दिले ते बिलांवरून काढा, त्यात डबल ड्युटीचे पैसे मिळवा, आणि बेडसोअर झालेल्यांच्या ड्रेसिंगचा, हॉस्पिटलात हलवण्याचा खर्च मिळवा. ही बेरीज तिसऱ्या मावशीच्या वर्षाच्या पगाराशेजारी ठेवा. आमच्या ट्रस्टींनी ती बघून दुसऱ्याच बैठकीत होकार दिला. आणि ४८ तासांचं वर लिहिलंय ते खरं आहे, मी ते माझ्या उत्तरात लिहायला हवं होतं. एकदम तीन पाळ्या जमणार नाहीत, पण निदान आठवड्याची सुट्टी पगारी करा, आणि पाळ्यांचं रोस्टर महिन्याच्या पंचवीस तारखेला भिंतीवर लावून मग त्याला हात लावू नका.

विम्याचं: कर्मचारी राज्य विमा दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागतो आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना मिळतो. तुमची संख्या दहाच्या वर आहे. संस्थेची नोंद कशी आहे ते कामगार सल्लागाराला दाखवा आणि नोंदणी करून घ्या. वर्गणी मालकाची ३.२५ टक्के, कामगाराची ०.७५ टक्के. बारा हजारांवर तुमचे ३९० आणि तिचे ९० रुपये. तिला, नवऱ्याला, मुलांना उपचार मिळतात, सातपूरचं कामगार विमा रुग्णालय तुम्हाला फार लांब नाही. आजारपणात ठरावीक दिवस पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, बाळंतपणाची २६ आठवडे पगारी रजा मिळते. मात्र कार्ड हातात देऊन भागत नाही. आमच्याकडे बायकांना पहिल्यांदा तिथे कुणीतरी बरोबर घेऊन जावं लागायचं, खिडकी दाखवावी लागायची. एकदा मुलाचं औषध तिथून मिळालं की ती बाई चारशे-पाचशे जास्त देणाऱ्या ठिकाणी सहजी जात नाही.

पाटली-अंगठ्यांसाठी: दाखल करतानाच दागिन्यांची यादी करून नातेवाइकांना सोनं घरी न्यायला सांगा, यादीवर त्यांची सही घ्या. आजींना विसरायचा आजार असेल तर ‘चोरी झाली’ असं त्या म्हणतील, तो आजाराचाच भाग आहे, हे नातेवाइकांना पहिल्याच दिवशी समजवायचं. आणि आरोप खोटा निघाला तर ज्यांच्यासमोर केला त्यांच्याचसमोर मागे घ्यायचा. आजोबांच्या वागण्याबद्दल: अशा आजोबांकडे मामांची ड्युटी लावा, मावशी गेलीच तर जोडीने. दहाच्या वर कामगार आहेत म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीही हवी. तिच्यात एक मावशी घ्या, नुसत्या ट्रस्टी बाई नकोत.

इंदिरानगरच्या दादांना: हळूच देऊ नका. ज्या मावशीकडे पैसेवाल्यांची आई आहे तिला मिळतात, जिच्याकडे कुणीच भेटायला न येणाऱ्या आजी आहेत ती रिकामी राहते आणि दोघींत तेढ पडते. ऑफिसात सामायिक डबा ठेवायला सांगा, दर महिन्याला सगळ्यांत वाटा, रात्रीच्यांनाही. त्यापेक्षा आईला काय आवडतं, कशाने चिडते, तरुणपणी काय करायची, हे मावशीला पंधरा मिनिटं बसून सांगा. त्याचा तिला फार उपयोग होतो.

मखमलाबादकर ताई, मधल्या चादरीसाठी जाड मांजरपाट घ्या. खांद्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत येईल एवढी लांब, आणि दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर राहील एवढी रुंद. कडा दुहेरी शिवून घ्या, नाहीतर पकडून पकडून फाटतात. एका पलंगाला दोन लागतात, एक धुण्यात, एक अंगाखाली, म्हणजे तुम्हाला बावीस. ठोकळे द्वारकेच्या आसपास लाकडाच्या वखारीत सांगून करून मिळतील. पायाची जाडी मोजून न्या आणि खाच खोल ठेवायला सांगा. चादर वापरायला आधी रात्रपाळीच्या तिघांना शिकवा. मी रविवारी दुपारी मोकळी असते, बोलवलंत तर येईन.